दोन कोटी डॉलरचा सौदा : १८९८ ची अमेरिका आणि फिलिपिन्स

इंजिनरूमवाला

बावीस वर्षं बोटीवर इंजिनियर म्हणून काढली. त्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या फिलिपिनो क्रूबरोबर. आपल्या कोकणात घरटी एखादा माणूस बोटीवर असतो, तिकडे गावंच्या गावं असतात. एका जहाजावर आमचा फिटर बातांगास प्रांताचा होता. १२ जूनला सकाळी बघतो तर मेसमध्ये त्यांचा झेंडा लावलेला, कुकने जेवणाला पान्सित (त्यांच्या शेवया) केलेल्या. मी सहज म्हटलं, तुम्हाला अमेरिकेने ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य दिलं ना, मग आज काय? फिटर म्हणाला, "सर, ते त्यांनी दिलेलं. आमचं आम्ही आधीच जाहीर केलं होतं, १८९८ ला."

मला यातलं काही माहीत नव्हतं. शाळेत शिकलेली अमेरिका म्हणजे बोस्टनचा चहा, वॉशिंग्टन आणि लिंकन. वसाहती इंग्रजांच्या, फ्रेंचांच्या, डचांच्या, गोव्यात पोर्तुगीजांच्या. अमेरिकेनेही एक अख्खा देश आधी कागदावर विकत घेतला, मग लढून ताब्यात घेतला आणि त्या लढाईला सरकारी कागदांत कित्येक दशकं 'युद्ध' म्हटलंच नाही, हे मला पस्तिशीत, मेसमध्ये जेवताना कळलं. तेव्हापासून मिळेल ते वाचतो आहे.

सुरुवात कोळशापासून करतो. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळायचा. वाफेच्या जहाजाला दर काही हजार मैलांवर बंकर (कोळशाची कोठारं) भरावे लागतात, आणि लढाई सुरू झाली की तटस्थ देश आपलं बंदर बंद करतात. म्हणजे आरमार ठेवायचं तर वाटेवर स्वतःची ठाणी हवीत. अमेरिकन नौदलातले आल्फ्रेड मेहन १८९० पासून हेच मांडत होते आणि थिओडोर रूझवेल्टसारखी माणसं ते मन लावून वाचत होती. नकाशा घेऊन बसा. प्रशांत महासागरातलं मिडवे बेट १८६७ मध्ये घेतलं. सामोआतल्या पागो पागो बंदरात कोळशाचं ठाणं उभारायचा हक्क १८७८ च्या तहाने मिळवला. हवाईतलं पर्ल हार्बर १८८७ मध्ये फक्त अमेरिकन नौदलासाठी राखून घेतलं. ठिपके जोडले तर सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली रेघ चीनच्या बाजारपेठेकडे जाते, आणि त्या रेघेवरचं मोठं बंदर म्हणजे मनिला. ते तेव्हा स्पेनकडे होतं.

स्पेनशी भांडण मात्र क्यूबावरून पेटलं. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झालं. त्या वेळी कमोडोर जॉर्ज ड्युई आपला ताफा घेऊन हाँगकाँगमध्ये होता. इंग्रजांनी तटस्थता जाहीर करून त्याला बंदर सोडायला लावलं, पण त्याआधीच त्याने कोळशाने भरलेलं 'नानशान' हे जहाज खरेदी करून ठेवलं होतं. १ मेला पहाटे तो मनिलाच्या उपसागरात शिरला आणि दुपारपर्यंत स्पेनचा जुनाट ताफा संपला. अमेरिकेच्या बाजूला मृत्यू एकच. 'मॅकलॉक' जहाजाचा चीफ इंजिनियर, उपसागरात शिरताना, उष्णतेने आणि हृदय बंद पडून. मे महिन्यातलं मनिला मी अनुभवलं आहे. त्या हवेत कोळशाच्या बॉयलरजवळ काय होत असेल ते मला डोळे मिटूनही दिसतं, म्हणून हा माणूस विसरता येत नाही.

त्याच 'मॅकलॉक'वरून १९ मेला एमिलिओ अग्विनाल्दो हाँगकाँगहून मायदेशी परतला. तो स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता, आदल्या वर्षीच्या तहानंतर परागंदा झालेला. त्याला आणलं अमेरिकनांनीच, कारण ड्युईकडे जहाजं होती, जमिनीवर लढायला माणसं नव्हती. अग्विनाल्दोच्या सैन्याने काही आठवड्यांत मनिला शहराला वेढा घातला आणि १२ जूनला कविते प्रांतातल्या कावित गावी, त्याच्या घराच्या खिडकीतून स्वातंत्र्य जाहीर झालं. आमच्या फिटरचा दिवस तो हा.

पुढे ऑगस्टमध्ये जे झालं ते वाचताना माझा हात थांबला. स्पॅनिश गव्हर्नरला फिलिपिनोंपुढे शरण यायचं नव्हतं. बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत ठरलं की अमेरिकनांनी खोटी चढाई करायची, स्पॅनिशांनी थोडा प्रतिकार दाखवून पांढरं निशाण लावायचं आणि फिलिपिनो सैन्याला तटबंदीच्या आत येऊ द्यायचं नाही. १३ ऑगस्टला ठरल्याप्रमाणे ते झालं. आणि त्याच्या काही तास आधीच वॉशिंग्टनमध्ये शस्त्रसंधीवर सह्या झालेल्या होत्या! ड्युईने मे महिन्यात समुद्रातली तार कापली होती, म्हणून मनिलात ते कोणाला कळलं नाही. नाटकातली लढाई, तीही संधी झाल्यावर, आणि तिच्या जोरावर शहर ताब्यात.

१० डिसेंबरला पॅरिसचा तह झाला. अमेरिकेकडून दोन कोटी डॉलर घेऊन स्पेनने फिलिपिन्स सोडलं. लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास, म्हणजे डोई तीन डॉलरही पडले नाहीत. फिलिपिनोंचा वकील फेलिपे आगोन्सिल्यो पॅरिसला जाऊन बसला होता, त्याला खोलीत घेतलं नाही. तोही बातांगासचाच, ताल गावचा. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या वेशीवर एका अमेरिकन पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि लढाई पेटली. दोनच दिवसांनी, ६ तारखेला, सिनेटने तह मंजूर केला, ५७ विरुद्ध २७. दोन तृतीयांशाला एकच मत जास्त.

यानंतरच्या तीन वर्षांना अमेरिकेच्या कागदांत 'फिलिपिन्समधलं बंड' म्हणत. बंड कोण करतं? जो आधीच प्रजा आहे तो. शब्दातच मालकी गृहीत धरलेली. आपल्याला १८५७ मुळे या शब्दाची धार लगेच कळते. १९९९ साली, शंभर वर्षांनी, त्यांच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने आपल्या सूचीतलं नाव बदलून 'फिलिपिन-अमेरिकन युद्ध' केलं.

धागा काढला तो एवढ्यासाठी. कोणाला यातलं आणखी माहीत असेल, हवाई, पोर्तो रिको, पनामा, काहीही, तर लिहा.

मळेवाला

इंजिनियरसाहेब, कोळसा तुम्ही सांगितलात, साखर मी सांगतो. आमचं सगळं आयुष्य उसात गेलं. हवाईची गोष्ट वाचली तेव्हा कारखान्याच्या सभेत बसल्यासारखं वाटलं.

हवाईत राजा होता, राज्यघटना होती, लोक लिहितेवाचते होते. मिशनरी आले, त्यांच्या पुढच्या पिढ्या उसाच्या मळ्यांच्या मालक झाल्या. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. लागवड वाढतच गेली. पाणी डोंगरातून कालव्यांनी वळवून कोरड्या बाजूला आणलं, मजूर चीन-जपान-पोर्तुगालहून आणले. सगळा मळा एका गिऱ्हाईकाच्या भरवशावर. मग १८९० मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. कच्ची साखर कुठूनही आली तरी जकात नाही, आणि देशातल्या उत्पादकाला पौंडामागे दोन सेंट अनुदान. हवाईच्या मळेवाल्यांचा फायदा एका रात्रीत गेला. आता अनुदान हवं तर 'देशातलं' व्हायला पाहिजे. म्हणजे देशच अमेरिकेत घातला पाहिजे.

जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी नवी घटना आणायला निघाली. आधीची १८८७ ची घटना याच मंडळींनी बंदुकांच्या धाकाने तिच्या भावाच्या, राजाच्या गळी उतरवली होती. १६ तारखेला अमेरिकेचा राजदूत स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून 'बोस्टन' जहाजावरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले. दुसऱ्या दिवशी मळेवाल्यांच्या समितीने राजसत्ता संपल्याचं जाहीर केलं, आणि स्टीव्हन्सने लगेच मान्यता दिली. राणीने रक्तपात नको म्हणून सत्ता सोडली, पण लेखी लिहून दिलं की मी या समितीपुढे नाही, अमेरिकेच्या बळापुढे वाकते आहे, आणि अमेरिकेने चौकशी करून न्याय द्यावा.

चौकशी झालीसुद्धा. अध्यक्ष क्लीव्हलंडने पाठवलेल्या माणसाने अहवाल दिला की हे चुकीचं झालं. क्लीव्हलंडने राणीला परत बसवा म्हटलं. होनोलुलूत सत्तेवर बसलेल्या सॅनफर्ड डोलने सरळ नकार दिला आणि विषय तिथे थांबला.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह सिनेटपुढे आला. मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा ४० हजारांच्या आसपास. त्यातल्या २१ हजारांहून अधिक माणसांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, बेटाबेटांवर फिरून गोळा केलेल्या. ते कागद घेऊन चार जण वॉशिंग्टनला गेले, आणि तह पडला! लोकांनी सह्यांनी एक साम्राज्य थांबवलं होतं. पण १८९८ मध्ये मनिलाचं युद्ध लागल्यावर हवाईचं ठाणं हवंच झालं. तहाला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणून तह बाजूला ठेवून दोन्ही सभागृहांचा साधा ठराव केला. त्याला साधं बहुमत पुरतं. ७ जुलै १८९८ ला हवाई गेलं.

माउई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. ज्या साखरेपायी राज्य गेलं ती साखर आता तिथे निघत नाही. पाणी अजून कालव्यांतच आहे, आणि त्यावरचे खटले चालू आहेत.

विवेक७१

माहितीपूर्ण धागा. पण एक बाजू राहते आहे, म्हणून लिहितो. साम्राज्य साम्राज्यात फरक असतो. स्पेनने ३३३ वर्षांत सामान्य फिलिपिनोच्या शाळेकडे फारसं लक्ष दिलं नाही, अमेरिकेने आल्या आल्या दिलं. १९०७ मध्ये तिथे निवडून आलेलं विधानगृह होतं. १९३४ मध्ये स्वातंत्र्याची तारीख कायद्याने ठरवून दिली आणि महायुद्ध मध्ये येऊनही पाळली. इंग्रजांनी आपल्याला १९३५ मध्ये काय दिलं ते आठवा. शिवाय अमेरिकेत या सगळ्याला उघड विरोध झाला. बोस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघटना निघाली, तिच्यात अँड्र्यू कार्नेगी होता, मार्क ट्वेन होता, माजी अध्यक्ष क्लीव्हलंड होते. आपल्या सरकारविरुद्ध भर युद्धात असं बोलता येणं ही साधी गोष्ट नाही.

इंजिनरूमवाला

विवेकजी, विरोध झाला हे अगदी खरं आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. (मतांच्या दृष्टीने ते सगळे एकसारखे नव्हते. काहींचा विरोध न्यायापोटी होता, काहींचा गोऱ्यांच्या देशात आणखी काळेसावळे लोक नकोत म्हणून होता.)

१९३४ च्या कायद्याबद्दल मात्र थांबून बघायला हवं. तेव्हा मंदी होती. फिलिपिन्सची साखर आणि खोबरेल तेल अमेरिकेत बिनजकात येत होतं आणि तिथल्या शेतकऱ्यांना ते नको होतं. कॅलिफोर्नियाच्या शेतांत फिलिपिनो मजूर होते, तेही नको होते. त्या कायद्याने स्वातंत्र्याचं वचन दिलं आणि त्याच कायद्याने फिलिपिनोंच्या प्रवेशावर वर्षाला ५० माणसांची मर्यादा घातली. पन्नास! तोवर ते अमेरिकन झेंड्याखालचे रहिवासी म्हणून ये-जा करत होते. १९४६ च्या स्वातंत्र्याबरोबर जो व्यापार कायदा आला त्यात अमेरिकन नागरिकांना फिलिपिन्सच्या खाणी-जंगलांवर फिलिपिनोंइतकाच हक्क द्यायची अट होती, त्यासाठी नव्या देशाला आपली घटना दुरुस्त करावी लागली. १९४७ मध्ये लष्करी तळ ९९ वर्षांच्या कराराने. त्यातला सुबिकचा आरमारी तळ तिथल्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ ला १२ विरुद्ध ११ मतांनी बंद करायला लावला. सुबिकच्या गोदीत मी नंतर एकदा जहाज दुरुस्तीला गेलो आहे, क्रेनवर जुने आकडे अजून इंग्रजी शैलीतले होते.

आणि शाळा. शाळा आल्या हे खरं. त्याच वर्षांत बातांगासमध्ये काय चाललं होतं ते फिटरने मला सांगितलं, नंतर मी पडताळलं. डिसेंबर १९०१ मध्ये जनरल बेलने हुकूम काढला. २५ डिसेंबरपर्यंत सगळ्या गावकऱ्यांनी आपलं धान्य, गुरं घेऊन ठरवलेल्या वस्तीच्या हद्दीत यायचं. त्यानंतर हद्दीबाहेर सापडलेलं धान्य जप्त किंवा नष्ट, बाहेर सापडलेला माणूस शत्रू. म्हणजे नाताळच्या दिवशी गाव सोडायचं, कॅथलिक लोकांनी. दाटीवाटीत रोगराई पसरली, आणि १९०२ चा कॉलरा त्याच सुमाराला आला. फिटरच्या पणजीची दोन भावंडं त्या वस्तीत गेली. त्याने ते मला इंजिनरूममध्ये, पंप उघडता उघडता सांगितलं, आवाज न चढवता.

स्पॅनिश जनरल वेयलरने क्यूबात लोकांना असंच कोंडलं होतं, आणि 'हा रानटीपणा थांबवायला' म्हणून अमेरिका युद्धात उतरली होती. चार वर्षंही झाली नव्हती.

एकूण मृत्यू : अमेरिकन सैनिक सुमारे ४,२००, फिलिपिनो सैनिक सुमारे २० हजार, आणि भूक-कॉलरा धरून सामान्य माणसं किमान दोन लाख असा अंदाज इतिहासकार देतात.

अनघा_ना

माझी मुलगी फिलिपिन्समधल्या दावावला एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. नीटमध्ये इथे सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हते, खाजगीची फी झेपणारी नव्हती, म्हणून तिकडे. आमच्या तालुक्यातूनच चार मुलं गेली आहेत. आम्ही कॉलेज निवडलं ते 'इंग्रजी माध्यम आहे, अभ्यासक्रम अमेरिकन पद्धतीचा आहे' म्हणून. जाहिरातीत हेच लिहिलेलं असतं. त्यामागे ही एवढी गोष्ट आहे हे आज कळलं, जरा सुन्न झाले.

एक विचारायचं होतं. ३३३ वर्षं स्पेनची असून तिथे कोणाला स्पॅनिश येत नाही, आणि जेमतेम पन्नास वर्षांत इंग्रजी एवढी कशी रुजली?

इंजिनरूमवाला

अनघाताई, स्पॅनिश पाद्री स्थानिक भाषा शिकून त्यांत प्रवचन देत, लोकांना स्पॅनिश शिकवण्यात त्यांना रस नव्हता. भाषा आली की माणूस कायदा वाचतो. स्पॅनिश राहिली ती मूठभर शिकलेल्या घरांत, आणि क्रांतीचे पुढारी त्याच घरांतले. अमेरिकनांनी जानेवारी १९०१ मध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा केला, माध्यम इंग्रजी. ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या लष्करी जहाजातून पाचशेच्या आसपास शिक्षक मनिलाला उतरले. त्यांना तिथे आजही 'थॉमसाइट' म्हणतात. त्यातले कित्येक जण खेड्यात जाऊन कळकळीने शिकवत राहिले, काही कॉलऱ्याने तिथेच गेले. त्यांना मी खलनायक म्हणणार नाही. पण एका पिढीने शाळेत लिंकन पाठ केला आणि आपलीच मालोलोसची (अग्विनाल्दोच्या सरकारची) घटना, जी जानेवारी १८९९ मध्ये तयार होती, ती त्यांच्या पुस्तकात आली नाही.

मुलीला सांगा, तिच्या वर्गातली मुलं ज्या इंग्रजीत तिच्याशी बोलतात त्याच इंग्रजीमुळे त्यांचे काका-मामा माझ्याबरोबर बोटीवर होते. जगभरच्या जहाजांवर फिलिपिनो खलाशी इतके का, याचं एक उत्तर हे आहे.

गिरगावकर

मुंबईचा एक धागा जोडतो. 'गोऱ्या माणसाचं ओझं' हा शब्दप्रयोग आपण इंग्रजांच्या हिंदुस्थानबद्दल म्हणून वापरतो. तो मुळात एका कवितेचा मथळा. ती कविता इंग्रज कवी रुडयार्ड किपलिंगने लिहिली अमेरिकेला उद्देशून, आणि तिच्या उपशीर्षकात फिलिपिन्स बेटांचं नाव आहे. प्रसिद्ध झाली फेब्रुवारी १८९९ च्या पहिल्या आठवड्यात, सिनेटचं मतदान तोंडावर असताना. त्याने ती आधीच रूझवेल्टला पाठवली होती. रूझवेल्टने मित्राला कळवलं की कविता म्हणून सुमार आहे, पण विस्ताराच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. आणि ही ओझ्याची शिकवण देणारा माणूस जन्मला आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, १८६५ साली. त्या आवारातून मी रोज जायचो.

स्वाती_न्यूजर्सी

पोर्तो रिकोबद्दल लिहिते. कॅरिबियनमधलं हे बेटही १८९८ च्या त्याच तहात स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. माझ्या ऑफिसातली जवळची मैत्रीण तिथली. तिचे वडील व्हिएतनामला अमेरिकन सैनिक म्हणून लढले. तिची आई अजून बेटावर असते. ही आई जन्मापासून अमेरिकन नागरिक आहे आणि आजवर एकदाही राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकलेली नाही. मी गेली काही वर्षंच नागरिक आहे आणि मी मत देते. उद्या मी बेटावर राहायला गेले तर माझंही मत जाईल. नागरिकत्व तेच, फक्त जमीन बदलली.

याचं मूळ १९०१ च्या एका खटल्यात आहे. खटला संत्र्यांचा! डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला संत्री आणली, सरकारने जकात लावली. तो म्हणाला, बेट तुमचंच आहे तर आपल्याच देशातल्या मालावर जकात कशी? सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. एका न्यायमूर्तीने लिहिलं की पोर्तो रिको 'देशांतर्गत अर्थाने परदेश' आहे. अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्राउन तेच, ज्यांनी १८९६ मध्ये काळ्यांना आगगाडीचा वेगळा डबा घटनेत बसतो असं ठरवलं होतं. तो डब्याचा निकाल १९५४ मध्ये निष्प्रभ झाला. संत्र्यांचा अजून उभा आहे, आणि ग्वामपासून पोर्तो रिकोपर्यंत लाखो लोक त्याखाली जगतात. अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना तर जन्माने नागरिकत्वही नाही.

विवेकजी, म्हणून 'तारीख पाळली' हे फक्त फिलिपिन्सबद्दल खरं आहे.

विवेक७१

स्वातीताई, हे मला माहीत नव्हतं. मान्य.

क्यूबाबद्दल माझ्याकडून एक जोड देतो. युद्धाआधी काँग्रेसने ठराव केला होता की क्यूबा गिळणार नाही. गिळला नाही. पण १९०१ मध्ये क्यूबाच्या घटनेत अटी घालायला लावल्या : परक्या सत्तेशी स्वातंत्र्याला बाधा येईल असा तह नको, अमेरिकेला हवा तेव्हा हस्तक्षेपाचा हक्क, आणि आरमारी तळाला जागा. १९०३ पासून ग्वांतानामो त्यातूनच. तेव्हा ठरलेलं वर्षाचं भाडं दोन हजार सोन्याचे डॉलर. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको, ही तैनाती फौजच आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईला जो तह केला, त्यात आणि यात फरक शोधायचा म्हटला तर मला फारसा सापडत नाही. पनामाही त्याच वाटेने. ३ नोव्हेंबर १९०३ ला कोलंबियातून फुटून निघाला तेव्हा अमेरिकन युद्धनौका किनाऱ्यावर हजर होती, आणि पंधरा दिवसांत कालव्याच्या पट्ट्याचा तह झाला, ज्यावर पनामाच्या वतीने सही करणारा माणूस फ्रेंच होता.

नभा

'मेन' खरंच स्पेनने उडवली होती का?

इंजिनरूमवाला

नौदलाच्या १८९८ च्या चौकशीने सुरुंग म्हटलं, १९११ मध्ये सांगाडा वर काढून पुन्हा स्फोट बाहेरूनच झाला असं म्हटलं. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकओव्हर यांनी अभ्यास करवला, त्याचा निष्कर्ष : स्फोट आतून, बहुधा कोळशाच्या बंकरमध्ये धुमसलेल्या आगीने. त्या जातीचा कोळसा नुसता पडून राहिला तरी आतून तापतो आणि पेट घेतो. बंकरच्या भिंतीला लागून दारूगोळ्याचं कोठार होतं. मधल्या पत्र्याला हात लावून तो गरम आहे का हे बघणं हे पहारेकऱ्याचं रोजचं काम असे. सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही, पण ज्याने बंकर बघितले आहेत त्याला हे शक्य वाटतं.

नभा

धन्यवाद. मी डेव्हिड फेगनबद्दल वाचलं होतं, ते इथे ठेवते. अमेरिकेच्या २४ व्या पायदळातला कृष्णवर्णीय सैनिक. नोव्हेंबर १८९९ मध्ये पलटण सोडून फिलिपिनो सैन्यात गेला आणि तिथे कॅप्टन झाला. गोरे सैनिक फिलिपिनोंना ज्या शिव्या देत त्या त्याने घरी ऐकलेल्याच होत्या.

अनघा_ना

काल रात्री लेकीशी बोलले. हा धागा तिला पाठवला होता. तिच्या खोलीतली मैत्रीण सामार बेटावरची आहे. तिने सांगितलं, बालांगिगाबद्दल विचार.

मग मी शोधून वाचलं. २८ सप्टेंबर १९०१ ला सकाळी बालांगिगा गावात चर्चच्या घंटा वाजल्या आणि त्या खुणेवर गावकरी कोयते घेऊन अमेरिकन तुकडीवर तुटून पडले. ४८ सैनिक मेले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला, कैदी नकोत, मारा आणि जाळा. मेजरने विचारलं, वयाची मर्यादा? उत्तर मिळालं : दहा वर्षं. दहा वर्षांवरचा प्रत्येक जण. मी दोनदा वाचलं. स्मिथवर खटला चालला, शिक्षा काय तर समज देऊन निवृत्त केलं.

घंटा सैन्याने विजयाची खूण म्हणून नेल्या. दोन वायोमिंगमध्ये, एक कोरियातल्या तळावर. गावाने कित्येक वर्षं मागितल्या. डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या. लेकीच्या मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा ती शाळेत होती, आजीला घेऊन सगळे बघायला गेले होते आणि आजी घंटेला नुसता हात लावून उभी राहिली.

गोदाकाठ

नाशिकचा आहे. अनघाताईंची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यात राहिली, म्हणून लिहितोय.

आमच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे, ती वसईची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा काढून सरदारांनी आपापल्या देवळांना दिल्या. भीमाशंकरलाही एक आहे. लहानपणापासून आजोबांनी अभिमानाने दाखवली, आणि वसईचा पराक्रम अभिमानाचाच आहे, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पोर्तुगीजांनी तिथे काय केलं होतं तेही आपल्याला माहीत आहे. पण ती घंटाही कोण्या गावाची होती, तिच्या आवाजावर कोणी उठत होतं, कामाला जात होतं, हा विचार आजवर कधी मनात आलाच नव्हता.

संध्याकाळी देवळात जाऊन आलो. घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे, क्रूस आहे. मोबाईलचा उजेड धरून मुलाला दाखवलं. त्याने विचारलं, बाबा, ही परत मागितली होती का कोणी?

इंजिनरूमवाला

गोदाकाठ, पुढच्या महिन्यात सुट्टीवर आहे. येतो बघायला. फिटरला फोटो पाठवायचा आहे.